साताऱ्यातला समुद्र

साताऱ्यास समुद्र नाही. अजिंक्यताऱ्यावरून पश्चिमेकडे पाहिले, तर सह्याद्रीच्या रांगा आड येतात. समुद्र त्यांच्याही पलीकडे, कोकणात. तरीही साताऱ्यातील एका जुन्या घराच्या माजघरात थोडासा समुद्र नांदतो आहे आणि त्यात एकच मोठा मासा राहतो.

इंग्रजीत त्यास एम्परर एंजलफिश, म्हणजे ‘सम्राट देवदूत मासा’, असे भारदस्त नाव आहे. लक्षद्वीप व अंदमान-निकोबार येथील प्रवाळांत तो आढळतो. त्या घरच्या आजोबांनी बालपणी मुंबईस, १९५१ साली उघडलेल्या तारापोरवाला मत्स्यालयात, काचेआडचे रंगीत मासे पाहिले होते. ती हौस त्यांनी उतारवयात पुरी केली.

मुंबईच्या मत्स्यालयासमोर समुद्र पसरलेला होता. साताऱ्यात होते कासच्या तलावातून नळाला येणारे पाणी. ते गाळणयंत्रातून शुद्ध करून त्यात दर लिटरला सुमारे ३५ ग्रॅम मीठ मिसळावे लागले. ७ फूट लांबीच्या त्या काचेच्या हौदात ९०० लिटर पाणी मावते. म्हणजे ३० किलोंहून अधिक मीठ झाले! हे स्वयंपाकघरातील मीठ नव्हे. त्यात मॅग्नेशियम, कॅल्शियम इत्यादी क्षार सागरजलाच्याच प्रमाणात असावे लागतात.

हौद भरला, तरी मासा आला नाही. “आजोबा, पाणी झालं, मासा कधी?” हा प्रश्न नातवंडे रोज विचारीत. माशाच्या मलमूत्रातून अमोनिया हे विष पाण्यात उतरते. त्याचे कमी घातक पदार्थांत रूपांतर करणारे सूक्ष्म जीव दगडांवर व वाळूत आधी वाढावे लागतात. त्याला पाच-सहा आठवडे लागले. रिकाम्या हौदाकडे पाहत इतके दिवस थांबणे हाच या छंदातील सर्वांत अवघड भाग असावा.

कैरीच्या फोडींना मीठ लावले की पाणी सुटते. खाऱ्या पाण्यात माशाच्या अंगातील पाणीही असेच बाहेर जाऊ पाहते. म्हणून तो सतत समुद्राचे पाणी पितो आणि जादा मीठ कल्ल्यांवाटे बाहेर टाकतो. हौदातील पाणी आटते, पण मीठ आटत नाही. तेव्हा रोज सायंकाळी आटले तेवढेच गोडे पाणी घालण्याचे काम धाकट्या नातीकडे आले.

मासा आला तेव्हा बोटाएवढा होता. गर्द निळ्या अंगावर पांढरी वर्तुळे. दोन-तीन वर्षांत वर्तुळे मावळली आणि निळ्यावर पिवळ्या रेघा उमटल्या. शेजारच्या काकूंना तर मासा बदलून आणल्याचीच शंका आली! त्यांना हसण्याचे कारण नाही. मोठ्या माशास १७८७ साली शास्त्रीय नाव मिळाले आणि १८०१ साली त्याच्याच पिल्लास निराळी जात समजून निकोबारच्या नावावरून दुसरे नाव देण्यात आले होते.

हा मासा हातभर वाढतो आणि वीस वर्षेही जगू शकतो. घेणाऱ्याने पिल्लाचे नव्हे, त्या हातभर माशाचे माप डोळ्यांपुढे ठेवावे. पुढे कंटाळा आला म्हणून त्यास कृष्णेत सोडता येत नाही. गोड्या पाण्यात तो मरेल. समुद्रात नेऊन सोडावा, तर हौदातील रोग तेथील माशांना जडण्याचे भय. आजोबांनी हे सारे नातवंडांना आधीच बजावले होते.

एका पावसाळी रात्री वादळात तारा तुटल्या आणि वीज गेली. पाणी खेळविणारे यंत्र थांबले. तासाभरात मासा वर येऊन जोरजोराने कल्ले हलवू लागला. पाण्यातील प्राणवायू कमी होत चालला होता. आजोबांनी तांब्या घेतला, हौदातले पाणी भरून ते उंचावरून पुन्हा हौदात ओतले. पुन्हा भरले, पुन्हा ओतले. धारेबरोबर हवा पाण्यात मिसळत होती. त्यांचे हात भरून आले, तेव्हा आईने तांब्या घेतला, मग नातवाने, मग नातीने. कंदिलाच्या उजेडात पाळ्या चालल्या होत्या.

यंत्राची घरघर नसल्यामुळे घर अगदी शांत होते. पहाटेच्या सुमारास नात पाणी ओतू लागली, तोच हौदातून ‘ठक्’ असा आवाज आला. हे मासे बिचकले की असा आवाज करतात, हे आजोबांनी वाचले होते. ऐकले मात्र कोणीच नव्हते. सर्व जण काचेजवळ सरकले. मासा खाली, आपल्या दगडाच्या कपारीपाशी गेला होता. थोड्या वेळाने वीज आली, यंत्र पुन्हा घरघरू लागले. तरी नातीने तांब्या खाली ठेवला नाही.