खडूची रेघ

आषाढात मुळशीच्या धरणावर शीड उभारायचा प्रश्नच नाही. होडी शेडमध्ये, आणि मी तिच्या कप्प्यांच्या मागे लागलोय. झाकणाखालचं जुनं रबर दबून चपटं झालं होतं. नवं बसवलं, कप्प्याच्या काठाला खडू घासला, झाकण दाबून उघडलं. रबरावर खडूची रेघ सगळीकडे उमटली, डाव्या कोपऱ्यात मात्र तुटली. पाणी शिरणार ते तिथूनच. नुसते चाप आवळून भागत नाही, झाकण वाकतं. तिथे पातळ पट्टीच हवी.

शिवाय बंद कप्पा म्हणजे हवेची टाकी. होडी उलटली तर तिला तरंगत ठेवायला तीच. दिलीप दोंदे २००९-१० मध्ये ‘म्हादेई’ या शिडाच्या होडीतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करून आले, माझं आपलं हे टाटांचं मुळशी धरण. पण इथला पाऊस आडवाही मारतो.

उघडीप मिळाली की पाइपने पाणी मारून बघेन. आत वर्तमानपत्राचा कागद ठेवायचा, ओल लगेच कळते.