मागचा गडी

बदलीचा हुकूम हाती पडला, की नोकरदार माणसाच्या संसाराचे दोन भाग पडतात. एक भाग त्याच्या वळकटीबरोबर नव्या गावी जातो. दुसरा, मुलांची शाळा आणि घराचे हप्ते यांना धरून, जुन्या गावीच राहतो. मी झाशीस आलो तेव्हा माझ्याबरोबर चार भांडी, हिशेबखात्यातली पंचवीस वर्षांची सवय आणि एक लॅपटॉप एवढेच आले. सौ. आणि चिरंजीव पुण्यास राहिले.

फोनवर बापलेकांचे बोलणे किती चालणार? ‘जेवलास का?’, ‘अभ्यास कसा चाललाय?’, ‘आईला दे’ या तीन वाक्यांत आमचे संभाषण आटोपत असे. सोळा वर्षांच्या मुलाला याहून अधिक काय विचारावे हे मला कळत नव्हते, आणि बापाला काय सांगावे हे बहुधा त्यालाही उमगत नसावे. शेवटी मार्ग त्यानेच काढला. “बाबा, रविवारी रात्री आपण एज ऑफ एम्पायर्स खेळू या. तुम्हाला शिकवतो मी.”

‘एज ऑफ एम्पायर्स’ या मालिकेतला हा दुसरा खेळ १९९९ साली निघाला आणि २०१९ मध्ये नव्या रूपात पुन्हा प्रसिद्ध झाला. आरंभी बहुतेकांच्या पदरी तीन गावकरी आणि एक टेहळणीचा घोडेस्वार असतो. लाकूड तोडायचे, शेते लावायची, सोने आणि दगड खणायचा आणि तासा-दीड तासात त्या वाडीचे साम्राज्य करायचे. २०२२ पासून त्यात हिंदुस्थानी, बंगाली, गुर्जर आणि द्राविड असे चार भारतीय पक्ष आहेत. मराठे त्यांत नाहीत, याची मला पहिले काही दिवस रुखरुख लागून राहिली. झाशीची राणी २०२५ साली ‘सिव्हिलायझेशन ७’ या दुसऱ्या एका खेळात नायिका म्हणून आली; पण तो खेळ माझ्या यंत्राला पेलण्याजोगा नाही. असो. दर रविवारी रात्री नऊ वाजता मी हिंदुस्थानी पक्षाची सूत्रे हाती घेऊ लागलो. चिरंजीव माझ्या बाजूने असे, त्याचे दोन मित्र विरुद्ध बाजूस असत. त्या दीड तासात मुलगा माझ्याशी जितके बोले, तितके पुण्यास एका घरात राहूनही तो कधी बोलला नव्हता.

२०२५ च्या एप्रिलात या सुखाला दृष्ट लागली. खेळ सुरू होऊन अर्धा तास लोटला, की पडद्यावरचे सैनिक चिखलातून चालल्यासारखी पावले टाकू लागत. हुकूम सुटल्यावर घोडदळ हलायला दोन-दोन, तीन-तीन सेकंद लागत. कधी कधी तर सारा खेळच क्षणार्धात नाहीसा होई आणि पडद्यावर कचेरीच्या फायली तेवढ्या उरत. मी दोष दिला तो झाशीच्या इंटरनेटला. चिरंजीव “असेल, बाबा” म्हणाला. मे महिन्यात त्याचे मित्र येईनासे झाले. “त्यांच्या परीक्षा आहेत,” असे त्याने सांगितले. मे महिन्यात कसल्या परीक्षा, हे मी विचारले नाही. मग एका रविवारी तो म्हणाला, “आज नको, बाबा.” फोन ठेवल्यावर मी बराच वेळ कूलरची घरघर ऐकत बसलो.

हिशेबखात्यातल्या माणसाला रुसून बसता येत नाही. त्याला वही उघडावी लागते. मीही उघडली. पण तपास सुरू करण्यापूर्वी हा खेळ मुळात चालतो कसा, हे समजून घेणे मला अगत्याचे वाटले. त्याचे उत्तर पॉल बेट्नर आणि मार्क टेरानो या खेळाच्या दोन कर्त्यांनी २००१ साली लिहिलेल्या एका लेखात सापडले. ‘२८.८ च्या मोडेमवर दीड हजार तिरंदाज’ अशा अर्थाचे त्याचे शीर्षक आहे. त्या काळच्या टेलिफोनच्या तारेतून सेकंदाला जेमतेम साडेतीन हजार अक्षरे जात. दीड हजार सैनिकांचा क्षणाक्षणाचा ठावठिकाणा एवढ्यात कळवणे अशक्य होते. तेव्हा सैनिकांची माहिती पाठवायचीच नाही, फक्त हुकूम पाठवायचे, अशी युक्ती त्यांनी काढली. प्रत्येकाच्या यंत्रावर तेच जग असते आणि तीच गणिते त्याच क्रमाने होतात. पुण्यास दिलेला हुकूम झाशीस पोचतो आणि ठरलेल्या एकाच क्षणी दोन्हीकडे अमलात येतो. राजधानीतून परिपत्रक निघावे आणि सर्व जिल्ह्यांत एकाच तारखेपासून त्याचा अंमल व्हावा, तसाच हा प्रकार.

या व्यवस्थेची किंमत एकच. कोणालाही पुढे जाता येत नाही. सर्वांत सावकाश यंत्राचा हिशेब पुरा होईपर्यंत बाकीच्यांना थांबावे लागते. आणि खरी मेख तर पुढेच आहे. खेळ सर्वांच्याच पडद्यावर सारखा मंदावत असल्यामुळे, मंद कोण आहे हे नुसत्या मंदावण्यावरून ओळखता येत नाही. मागे पडलेल्या गड्याला वाटते, जगच सावकाश झाले आहे.

हे वाचले त्या संध्याकाळी मी किल्ल्यावर गेलो होतो. कडक बिजली तोफेपाशी उभे राहिले, की १८५८ च्या त्या पंधरवड्याची आठवण होतेच. २१ मार्चला ह्यू रोज झाशीसमोर आला. त्याच्या सैन्याचा दुसरा भाग चंदेरी घेऊन २५ तारखेस येऊन मिळाला. आतील लोकांचे डोळे तात्या टोप्यांच्या वाटेकडे लागले होते. तात्या आले, पण १ एप्रिलला बेतवेकाठी त्यांना हटावे लागले. ३ तारखेस शहरावर हल्ला झाला आणि ४ एप्रिलच्या रात्री राणीने किल्ला सोडला. लष्कराचा वेग घोडदळावरून ठरत नाही; तो मागून तोफा ओढणाऱ्या बैलांवरून ठरतो. पुढे पोचलेल्यांना वाट पाहावीच लागते. तटावरून मी खाली पसरलेल्या गावाकडे पाहिले आणि मनात आले: आमच्या खेळात वाट पाहणारा कोण, आणि बैल कोण?

दुसऱ्या दिवसापासून रीतसर चौकशी सुरू झाली. नियम एकच ठेवला: एका वेळी एकच बदल, आणि प्रत्येक बदलाची वहीत नोंद. दोन उपाय एकदम केले आणि गुण आला, तर तो कोणत्या उपायाने आला हे कधीच कळत नाही. प्रथम चित्रांचा दर्जा खाली आणला. काही फरक पडला नाही. म्हणजे भार चित्रे रंगवणाऱ्या भागावर नव्हता. मग त्या भागाचे ड्रायव्हर नवे घातले. पार्श्वभूमीला चालणारे सारे कार्यक्रम बंद केले. खेळाच्या फायली तपासून घेतल्या. अखेर खेळ काढून पुन्हा बसवला. प्रत्येक उपायासमोर मी इमानाने ‘फरक नाही’ असे लिहीत गेलो.

मंदपणा अर्ध्या तासानंतरच का येतो, याचा मात्र उलगडा झाला होता. आरंभी चार जीव असतात. पुढे एकेका खेळाडूपाशी दोनशेपर्यंत होतात. त्यांतल्या प्रत्येकाला झाडे, भिंती आणि एकमेकांना चुकवून वाट शोधून द्यावी लागते, आणि हे गणित बरेचसे प्रोसेसरच्या एकाच गाभ्यावर पडते. कचेरीत आठ कारकून असले, तरी सही एकाच साहेबांची लागते. फायली साचतात त्या त्यांच्याच टेबलावर.

उत्तर मिळाले ते वहीतल्या एका रकान्यामुळे. मी सहज म्हणून खोलीचे तापमानही लिहीत होतो. या खेळात मानांकनाच्या सामन्यांना बसण्यापूर्वी यंत्राची परीक्षा होते. तीत हजार गुण मिळवावे लागतात. माझ्या यंत्राने पहाटे पाच वाजता, खोलीत २९ अंश असताना, १०३४ गुण मिळवले होते. त्याच दिवशी दुपारी तीनला, ४१ अंशांत, ८१२. यंत्र तेच, खेळ तोच, इंटरनेटचा या परीक्षेशी संबंधच नाही. पंखा यंत्राला खोलीतलीच हवा देणार. खोली बारा अंशांनी तापली, की आतला भागही जवळजवळ तेवढाच अधिक तापतो. शंभर अंशांच्या आसपास प्रोसेसर जळू नये म्हणून स्वतःच आपला वेग उतरवतो. झाशीच्या लूमध्ये भरदुपारी बाहेर पडलेला शहाणा माणूस जसा पावले आवरती घेतो, तसाच.

बाजारातल्या कारागिराने लॅपटॉप उघडला आणि तो हसू लागला. “साहब, आपने तो पूरा बुंदेलखंड भर रक्खा है इसमें.” पंख्यापुढच्या जाळीवर धुळीचा नमदा बसला होता. प्रोसेसरवरचा उष्णता वाहून नेणारा लेप वाळून भुकटी झाला होता. त्याने जाळी साफ केली आणि नवा लेप लावला. “गद्दे पर रखकर मत चलाइए,” असेही बजावले. यंत्र गादीवर ठेवले, की खालून हवा घेण्याची भोके बुजतात. घरी येऊन परीक्षा घेतली. दुपारी तीनला १०२१.

प्रकरण निकाली निघाले असे समजून मी खेळ सुरू केला. चाळीस मिनिटे तो वाऱ्यासारखा धावला आणि पूर्वीसारखाच अचानक नाहीसा झाला.

तेव्हा ध्यानात आले, की आपण एका रोगाची नव्हे, दोन रोगांची लक्षणे एकाच रकान्यात लिहीत होतो. ती एकाच महिन्यात दिसली म्हणून एकाच घरची समजलो. वही पुन्हा चाळली. मंदपणा नेहमी उन्हाबरोबर येत होता; खेळ कोसळणे मात्र पहाटेही घडले होते. शिवाय कोसळताना दर वेळी निराळाच संदेश येई. एकदा तर दोन्ही यंत्रांवरची जगे आता जुळत नाहीत, अशा अर्थाची सूचना देऊन खेळ थांबला होता. दर वेळी जबानी बदलणारा साक्षीदार खोटा असतो, हे आमच्या खात्यातला नवखाही जाणतो. यंत्रात असा साक्षीदार म्हणजे रॅम. सारे हिशेब ती ज्या पाटीवर मांडते, त्या पाटीचा एखादा कोपरा फुटका असला, तर चूक कुठे उमटेल याचा नेम राहत नाही. विंडोजमध्येच रॅम तपासण्याचे साधन असते. ते रात्री लावले आणि सकाळी पाहिले, तो दोष सापडला होता. मार्चच्या अखेरीस मीच मोठ्या हौसेने रॅमची एक पट्टी वाढवून घेतली होती. ती काढली, पुन्हा तपासणी केली, दोष नाही. यंत्राचा वेग वाढावा म्हणून जे घातले, त्यानेच ते कोसळत होते. दुकानदाराने पट्टी मुकाट्याने बदलून दिली.

त्या रविवारी मी आपण होऊन फोन केला. आम्ही दोघेच खेळलो. पाऊण तास झाला, सैन्ये भिडली, घोडदळ हुकमासरशी उधळले. एकाएकी चिरंजीव म्हणाला, “बाबा, खूण गेली.”

“कसली खूण?”

“तुमच्या नावापुढे यायची ना, ती. ज्याचं मशीन मागे पडतं, त्याच्या नावापुढे येते.”

ती खूण मीही रोज पाहत होतो. वयाला मान देऊन खेळाने बहाल केलेले एखादे पदचिन्ह असावे, अशी माझी समजूत होती! क्षणभर मला हसू आले. पण लगेच दुसरे काही सुचले.

“तुला हे कधीपासून माहीत होतं?”

“एप्रिलपासून.”

“मग बोलला का नाहीस?”

तो थोडा थांबला. “तुम्ही खेळायचं बंद केलं असतंत.” आणि मग अधिक हळू आवाजात, “मित्र कंटाळले होते. ते वेगळे खेळायला लागले. एक रविवार मीही त्यांच्याबरोबर खेळलो. सॉरी, बाबा.”

मी काय उत्तर दिले ते आता नीटसे आठवत नाही. बहुधा ‘तो उंटांचा कळप बघ’ असेच काहीतरी बोललो असेन. पण त्या रात्री झोप लवकर आली नाही. घरापासून दूर असलेल्या आपणा माणसांना वाटत असते, की घर आपल्यापासून सावकाश दूर चालले आहे. पत्रे थांबली, फोन आखूड झाले, मुले बदलली. आपल्याच नावापुढे एखादी खूण उमटलेली असेल आणि पलीकडचे कोणी ती दिसत असूनही आपल्या वेगाने पावले टाकत असेल, ही शंका आपल्याला शिवत नाही. एक रविवार तो मित्रांकडे गेला, याचे मला दुःख झाले नाही. बाकीचे सारे रविवार तो थांबला होता.

पुढच्या आठवड्यात मित्र परत आले. आम्ही बापलेक त्यांच्याकडून सपाटून हरलो, आणि त्या पराभवाला यंत्राची सबब सांगण्याची सोय आता उरली नव्हती. रात्री वहीत ‘प्रकरण बंद करण्यास हरकत नाही’ अशी नोंद करून मी खाली सही केली. मग जरा विचार केला आणि सही खोडली. उन्हाळा दर वर्षी येतो, आणि झाशीची धूळ कोणाच्या सहीला जुमानत नाही.