इतक्यात डोकं थंड करू नकोस

सायली,

मुलींच्या हॉस्टेलचं दार संध्याकाळी सातला बंद आणि लायब्ररी मात्र रात्री अकरापर्यंत उघडी, हे ऐकून माझंच डोकं फिरलं. दादाने तुला "शांत राहा, वर्ष पार पडू दे" असं सांगितलं म्हणे. तो बाप आहे, त्याला काळजी वाटणारच. मी आत्या आहे, तेव्हा मी उलटं सांगते. इतक्यात डोकं थंड करू नकोस. फक्त आपल्याला नेमकं काय हवंय, ते त्या संतापात विसरू नकोस.

वकिली शिकतेस, म्हणजे रखमाबाईंचं नाव तुझ्या कानावर असेलच. अकराव्या वर्षी दादाजी भिकाजीशी लग्न झालं. शाळा सुटली, पण त्या राहिल्या आईकडेच, सावत्र वडील डॉ. सखाराम अर्जुन यांच्या घरी. मिशनच्या ग्रंथालयातली पुस्तकं मिळवून घरीच शिकायच्या. 1884 मध्ये दादाजीने बायको नांदायला यावी म्हणून मुंबई हायकोर्टात दावा लावला. न्या. पिन्हे यांनी तो फेटाळला, पण अपिलात निकाल फिरला. मार्च 1887 मध्ये न्या. फॅरन यांनी हुकूम दिला, की महिन्याच्या आत नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंगवास. बाईंनी तुरुंग पत्करायची तयारी दाखवली. वय बावीस.

मला याहून मोठी वाटतात ती त्यांची 1885 मधली पत्रं. 'अ हिंदू लेडी' या नावाने ती 'टाइम्स ऑफ इंडिया'त छापून आली. दादाजीला चार शिव्या हासडून मोकळं होता आलं असतं. त्याऐवजी बालविवाहाने मुलींच्या शिक्षणाचं काय होतं, विधवांवर काय काय लादलं जातं, हे त्यांनी लिहिलं. राग स्वतःच्या घरापुरता होता, तो त्यांनी सगळ्या मुलींसाठी वापरला.

राग समोरच्या बाजूलाही होताच. टिळकांनी त्यांच्यावर कडाडून टीका केली. सरकारशी लढताना जो संताप कामी आला, तोच इथे एका मुलीवर निघाला. म्हणून म्हणते, नुसत्या रागाला अक्कल नसते.

रखमाबाईंपाशी रागाच्या जोडीला शिकायची ओढ होती. 1888 मध्ये दादाजीने दोन हजार रुपये घेऊन तडजोड केली आणि पुढच्याच वर्षी बाई डॉक्टर व्हायला लंडनला गेल्या. परतल्यावर सुरतेच्या बायकांच्या इस्पितळात वर्षानुवर्षं काम केलं. मधल्या काळात, 1891 मध्ये, संमतिवयाचा कायदा होऊन वयाची मर्यादा दहावरून बारावर आली. त्याला बंगालमधल्या फुलमणी या बालवधूच्या मृत्यूचं प्रकरणही कारण झालं, सगळं श्रेय एकट्या रखमाबाईंना देऊ नये. आणि एक गोष्ट मला अजून उलगडलेली नाही. 1904 मध्ये दादाजी वारला, तेव्हा याच बाईंनी विधवेचा पांढरा वेष घेतला. माणसं आपल्या सोयीने सरळ नसतात गं.

तेव्हा वॉर्डनबाई कशा बोलल्या, हे अर्जात लिहू नकोस. त्यांनाही वरून हुकूम असणार. लायब्ररीची वेळ लिही, दाराची वेळ लिही, मुलांच्या हॉस्टेलला हा नियम नाही हे लिही, आणि मुलींच्या सह्या घे. काय हवंय ते एका वाक्यात येऊ दे. मसुदा मला पाठव, मी शुद्धलेखन तपासते, तुझ्या वेलांट्यांवर माझा भरवसा नाही.

आणि एक काम कर. रखमाबाई सप्टेंबर 1955 मध्ये गेल्या. त्याच वर्षी मे महिन्यात हिंदू विवाह कायदा झाला, आणि नांदायला यावं म्हणून दावा लावायची सोय त्यातल्या कलम 9 मध्ये कायम राहिली, नवरा-बायको दोघांनाही. ते कलम नीट वाच आणि ते असावं की जावं, यावर तुझं मत मला सविस्तर लिही.

तुझी,
आत्या