विसण

गाडी आली तेव्हा तिच्यात इंजिन नव्हते. आधीच्या मालकाने ते काढून विकले होते, आणि उरलेली एमजीएफ, म्हणजे दोन माणसांची, कापडी छताची गडद हिरवी गाडी, आजोबांनी ट्रेलरवर घालून घरी आणली. आजोबा म्हणजे माझे कुणी नव्हेत. शेजारी राहतात. माझी मुलगी त्यांना आजोबा म्हणते आणि त्या हाकेला ते ओ देतात, म्हणून इथेही आजोबाच.

आम्ही बर्मिंगहॅमच्या दक्षिण टोकाला, लाँगब्रिजच्या जवळ राहतो. 1905 मध्ये हर्बर्ट ऑस्टिनने इथे मोटारींचा कारखाना काढला. पुढे त्याची नावे आणि मालक बदलत गेले, आणि एप्रिल 2005 मध्ये एमजी रोव्हर बुडाली तेव्हा सहा हजारांच्या आसपास माणसे घरी बसली. आजोबा त्यांतले एक. एमजीएफ 1995 साली आली, तेव्हा ते तिच्याच लाइनवर होते. ही नेमकी गाडी त्यांच्या हाताखालून गेली असेल का, हे त्यांनी कधी सांगितले नाही, मीही विचारले नाही.

मी पुण्यात 9 वर्षे डिझेल इंजिनांच्या टेस्टबेडवर काम केले. इथे आल्यापासून एका शाळेच्या कचेरीत आहे. पुण्याचे नाव काढल्यावर आजोबा पहिल्यांदा म्हणाले ते हे : ‘‘म्हणजे सिटीरोव्हर तुमची!’’ खरेच होते. 2003 पासून रोव्हरच्या दुकानांत सिटीरोव्हर या नावाने जी गाडी मिळे, ती पुण्यात बनलेली इंडिकाच. आता एमजीचा शिक्का असलेल्या गाड्या गुजरातेत हालोलला बनतात. पूर्वी मी हे उगाच अभिमानाने सांगायचे. आजोबांसमोर सांगत नाही.

त्यांच्या अंगणात एक गंजलेली रोव्हर 220 होती. तिच्यात दोन लिटरचे टर्बो डिझेल, एल-सिरीज. हे इंजिन एमजीएफमध्ये बसवायचे हा त्यांचा बेत. स्पष्ट सांगायचे तर मला तो मूर्खपणा वाटला होता. लोखंडी ब्लॉकचे जड धूड, साडेचार हजार फेऱ्यांनंतर दम टाकणारे. स्पोर्ट्स कारच्या पोटात टेम्पोचा आवाज. शिवाय जून 2021 पासून बर्मिंगहॅमच्या मध्यवर्ती भागात इतके जुने डिझेल नेले तर दिवसाला 8 पौंड मोजावे लागतात. ‘‘शहरात जायचंय कुणाला?’’ आजोबा म्हणाले. त्यांना लिकी टेकड्यांवर जायचे होते. कारखान्यापासून वर चढणारा रस्ता, माथ्यावर बीकन हिल, खाली पसरलेले सगळे बर्मिंगहॅम. आणि जायचे होते लवकर. इथे गाडी चालवायची तर 20 मीटरवरून समोरच्या गाडीचा नंबर वाचता यावा लागतो. आजोबांनी रस्त्यावर अंतर पावलांनी मोजून खडूने रेघ मारली होती. रोज सकाळी त्या रेघेवर उभे राहून ते आमच्या गाडीचा नंबर मोठ्याने वाचत. गेल्या काही महिन्यांपासून ते अक्षरे वाचत होते की पाठ म्हणत होते, याची मला शंका होती.

दोन्ही गाड्यांचा गिअरबॉक्स एकाच घराण्यातला, त्यामुळे इंजिनाचे लग्न सोपे गेले. कागदपत्रांवर इंजिनाचा नंबर आणि इंधन बदलून घेणे, विमा कंपनीला कळवणे हेही झाले. भांडण पाण्याचे होते.

एमजीएफचे इंजिन बैठकांच्या मागे, आणि रेडिएटर मात्र पार नाकाशी. मधले अंतर तळाखालून जाणाऱ्या दोन नळ्या कापतात : एकीतून गरम पाणी पुढे, दुसरीतून निवलेले पाणी मागे. मूळच्या नळ्या पोलादी. इथे हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात, त्याने त्या खालून सडतात. त्या आम्ही काढून स्टेनलेसच्या घातल्या. टोकांना वळी उठवून घेतली, नाहीतर दाब चढल्यावर होज सटकतो. डिझेलची पाण्याची तोंडे मूळ इंजिनाच्या तोंडांशी कुठेच जुळत नव्हती, म्हणून सिलिकॉनचे कोपरे कापून जोडत बसलो. हे काम कंटाळवाणे आहे, त्याबद्दल आणखी लिहीत नाही.

आजोबांचा आग्रह मोठ्या रेडिएटरचा होता. सगळ्यांचाच असतो, इंजिन बदलले की मोठा रेडिएटर, हे लोकांना नारळ फोडण्याइतके आवश्यक वाटते. मी हिशेब मांडला. जाळलेल्या इंधनातली ढोबळमानाने एक तृतीयांश ऊर्जा चाकांकडे जाते, एक तृतीयांश धुरातून, आणि उरलेली बरीचशी पाण्यात. गाडीचे मूळ पेट्रोल इंजिन 120 अश्वशक्तीचे, हे डिझेल 105 चे, आणि डिझेल त्याच कामाला इंधन कमी जाळते. म्हणजे नाकातला रेडिएटर पुरून उरणार. उलट, डिझेल नुसते उभे धडधडत असेल तर इतकी थोडी उष्णता देते की जानेवारीत अर्धा तास वाट पाहिली तरी हीटरमधून गार वारा येतो. उष्णता बाहेर कशी टाकायची, हा प्रश्न नव्हता. थंड पाणी आत कसे घ्यायचे, हा होता.

याच गाडीच्या पेट्रोल इंजिनाचा, के-सिरीजचा, इतिहास इथे सांगायला हवा. हेड गॅस्केट जाण्याबद्दल ते इंजिन जगजाहीर आहे. इंजिन हलके, त्यात पाणी थोडे, थर्मोस्टॅट पाणी आत येण्याच्या बाजूला. तो बंद असतो तोवर पुढचा रेडिएटर आणि त्या लांब नळ्यांतले सगळे पाणी बाहेरच्या हवेइतके गार राहते. थर्मोस्टॅट उघडला की तो गार लोंढा एकदम तापलेल्या धातूवर येतो. धातू आखडतो, थर्मोस्टॅट मिटतो, पुन्हा तापते, पुन्हा उघडतो. हे हेलकावे गॅस्केट सोसते, सोसते आणि एक दिवस सोसत नाही. पुढे रोव्हरनेच फ्रीलँडरसाठी दाबालाही दाद देणारा वेगळा थर्मोस्टॅट आणला. आमच्या डिझेलचा ब्लॉक लोखंडी आणि हेड अ‍ॅल्युमिनियमचे. दोघांचे फुगणे-आखडणे वेगळे, आणि मध्ये तेच बिचारे गॅस्केट.

आजोबांना हे तोंडी पटेना. मग आम्ही मोजले. फेब्रुवारीतली सकाळ, बाहेर 3 अंश. हेडमधून पाणी बाहेर पडते तिथे एक थर्मोकपल, आत शिरते तिथे दुसरा. साधी मांडणी ठेवली आणि गाडी गल्लीत फिरवली. बाहेर पडणारे पाणी 88 वर पोचले, थर्मोस्टॅट उघडला, आणि आत येणाऱ्या पाण्याचा आकडा 20 सेकंदांत 71 वरून 19 वर पडला. आजोबा चष्मा कपाळावर सरकवून, नाक टेकेल इतके जवळ जाऊन तो आकडा पाहत राहिले.

साताऱ्याला आमच्या घरी तांब्याचा बंब होता. मधल्या नळीत जाळ, भोवती पाणी. आता विचार केला तर इंजिनापेक्षा फार वेगळी रचना नाही. कढत पाणी घंगाळात काढायचे आणि आजी त्यात विसण घालायची. एकदम ओतायची नाही. तांब्याने थोडे, हाताने ढवळून, मनगटाच्या आतल्या बाजूला पाणी लावून बघत, मग आणखी थोडे. विसण म्हणजे नुसते थंड पाणी नव्हे. कढत पाण्यात ते सोसवेल इतके करण्यासाठी घातले जाते, तेवढ्यापुरतेच त्या पाण्याला विसण म्हणतात. आजोबांना हे समजावताना इंग्रजीत शब्द सापडेना. (तुमच्या घरच्या भाषेत आहे का, बघा.) मला म्हणायचे होते ते इतकेच, की इंजिनालाही विसण लागते. इथे मात्र उलटे, थंड पाण्यात गरम घालायचे.

मग आम्ही थर्मोस्टॅट इंजिनाजवळ, दोन पाण्यांच्या संगमावर बसवला. हेडमधून निघालेल्या गरम पाण्याचा एक जाड फाटा पुढे न पाठवता तिथेच वळवला. थर्मोस्टॅटच्या पोटात मेणाची गोळी असते. मेण वितळून फुगते, दट्ट्या ढकलते, झडप उघडते. आता ती गोळी मिसळलेल्या पाण्यात बुडालेली राहते. थोडे गार पाणी आले की मेण किंचित आवळते, झडप किंचित मिटते. आजीच्या मनगटाचे काम ती करते. त्या फाट्यावर आजोबांनी पांढऱ्या रंगाने, रोमन अक्षरांत, ‘विसण’ असे लिहून ठेवले आहे. पुन्हा तशीच 3 अंशांची सकाळ गाठून मोजले. आत येणारे पाणी 62 च्या खाली गेले नाही.

राहिली हवा. इतक्या लांब वाटेत ती कुठेही दडून बसते. एमजीएफमध्ये रेडिएटरवर, पुढच्या हीटरच्या नळीवर आणि इंजिनाजवळ हवा काढायचे स्क्रू आहेत. आम्ही हेडच्या सर्वांत उंच जागेवरून एक बारीक नळी टाकीकडे नेली, म्हणजे बुडबुडे चालता चालता निघून जातील. हवेची भीती वेगळीच असते. तापमानाचा सेन्सर पाण्यात बुडालेला असेल तरच खरे बोलतो. त्याच्याभोवती हवेचा कप्पा असला तर आत पाणी उकळत असताना काटा शांत बसून राहतो. म्हणून टाकीत पाण्याची पातळी उतरली की पेटणारा दिवाही बसवला. माझ्या मते पूर्ण कामातली सर्वांत स्वस्त आणि सर्वांत शहाणी वस्तू तीच. टर्बोचा इंटरकूलर दाराच्या मागच्या जाळीआड गेला, त्याला एक पंखा. इंजिनाच्या कप्प्यात गाडी बंद केल्यावरही फिरणारा मूळचा पंखा आहे, तो राहू दिला.

मे महिन्यात आम्ही लिकीवर गेलो. चालवायला आजोबाच. त्या सकाळी त्यांनी आमच्या गाडीचा नंबर वाचला नाही. पलीकडच्या घरासमोर पाहुण्यांची गाडी उभी होती, तिचा वाचला. रेघेवर उभे राहून, सावकाश, सगळी अक्षरे बरोबर. मी काही बोलले नाही. चढावर त्यांनी तिसऱ्या गिअरमध्ये गाडी मुद्दाम ताणली. माझ्या मांडीवर दोन्ही आकडे होते : 91 आणि 78. माथ्याच्या अलीकडे 93. टेकडीवर एमजीएफ धापा टाकत उभी राहिली, मागचा पंखा घुंइं करत फिरत राहिला, आणि कुत्रे फिरवणाऱ्या एका माणसाने झाकणाखाली वाकून पाहत विचारले, हा आवाज डिझेलचा का? आजोबांना इतका आनंद मी क्वचित पाहिला आहे. खाली कारखान्याच्या जागेवर आता घरे आणि दुकाने आहेत. ती कुठून कुठवर, हे त्यांनी मला बोटाने दाखवले. लाइन कुठे होती तेही.

त्या उन्हाळ्यात आम्ही सहा वेळा गेलो. सप्टेंबरमध्ये डोळ्यांची तपासणी झाली, आणि परवाना त्यांनी स्वतःच पाकिटात घालून परत पाठवला. खडूची रेघ पावसाने केव्हाच धुतली होती.

आता गाडी मी चालवते. आजोबा डाव्या बाजूला बसतात, पायांशी थर्मॉस, काच खाली, कान मागे. आकडे त्यांना दिसत नाहीत. चढ सुरू झाला की विचारतात, ‘‘विसण किती?’’ मी सांगते, ‘‘76.’’ ते मान हलवतात आणि म्हणतात, तिसऱ्यातच राहू दे.