नेम हवा, जोर नको!

‘सेमी-ऑटोमॅटिक आहे का गं?’

रायफल घ्यायचीय, असं म्हटलं की मित्रमंडळींचा पहिला प्रश्न हाच असतो. दोष त्यांचा नाही, रात्र-रात्र खेळलेल्या काउंटर-स्ट्राइकचा आहे. त्यांना एकदाच सांगून टाकते. सेमी-ऑटोमॅटिक म्हणजे खटका दाबला की गोळी सुटते आणि पुढची आपोआप नळीत येऊन बसते. आपल्या देशात असली हत्यारं सामान्य माणसाला सहजासहजी मिळत नाहीत. आणि खरं सांगू? नेमबाजीला ती लागतही नाहीत. कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेनं २०२४ मध्ये पॅरिसला ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये ब्राँझ जिंकलं, ते एकेक गोळी हातानं भरून. दोन शॉटच्या मधला तो वेळ म्हणजेच तर हा खेळ!

मला तो मधला वेळच हवा होता. फ्रीलान्सरचं आयुष्य कसं असतं ठाऊक आहे ना? सकाळी डोळे उघडायच्या आधी मेल चेक, जेवताना एडिटरचा फोन, झोपताना डेडलाइन. सहा महिन्यांपूर्वी रेंजवर बिगिनर्स बॅचला नाव घातलं. दहा मीटरवर कागद, त्यावर साधारण तीन सेंटिमीटरचं काळं वर्तुळ आणि मध्यभागी दहा गुणांचा ठिपका. किती मोठा? अर्धा मिलिमीटर! तिथे मन जरा हललं, की छरा सरळ सात-आठमध्ये. एक तास फोन बंद आणि डोकंही शांत. महिन्याभरातच व्यसन लागलं.

पण रेंजच्या रायफली चार आणि आम्ही अकरा जण. आज ही, उद्या ती. प्रत्येकीचा खटका वेगळा, दस्ता वेगळा. हात बसायचाच नाही. म्हणून स्वतःची घ्यायची ठरवली. बजेट पंधरा हजार. म्हणजे माझे तीन मोठे लेख, तेही चेक वेळेवर आले तर!

बाजारात फिरल्यावर गणित असं उलगडलं. ऑलिंपिकमध्ये दिसतात त्या वॉल्थर, फाइनवेर्कबाउ वगैरे जर्मन मॅच रायफली लाखांच्या घरात. त्यांच्याकडे बघायचं आणि पुढे व्हायचं. दुसरा ऑप्शन पीसीपी. हिच्या सिलिंडरमध्ये दाबाखालची हवा आधीच भरलेली असते, त्यामुळे धक्का जवळजवळ नाहीच आणि शिकायला एकदम सोपी. प्रेसिहोलसारख्या भारतीय कंपन्याही आता ती बनवतात. पण हवा भरायच्या पंपाचा खर्च वेगळा, की बजेटचे तीनतेरा! तिसरी आपली साधी स्प्रिंगवाली. नळी मोडायची, छरा घालायचा, मिटायची. ना पंप, ना सिलिंडर. फक्त ती नखरेल असते. आतला पिस्टन पुढे धावतो, म्हणून ती आधी मागे आणि लगेच पुढे उसळते. घट्ट आवळून धरली की छरा भलतीकडेच. तळहातावर सैल विसावू द्यायची, प्रत्येक वेळी त्याच जागी.

दुकानात मात्र वेगळंच चाललं होतं. ‘मॅडम, ही घ्या, हिचा स्पीड बघा!’ सेल्समन फूट पर सेकंदाचे आकडे फेकत होता, बाइक विकत असल्यासारखे. माझ्या डोक्यात सरांचं वाक्य होतं, ‘कागदाला भोक पाडायला ताकद लागत नाही.’ खरंच आहे. मॅच रायफलच्या छऱ्याची ऊर्जा आठेक ज्यूल असते आणि जगज्जेते त्यावरच ठरतात. २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे २० ज्यूलपर्यंतच्या .१७७ एअर रायफलला परवाना लागत नाही, फक्त ओळखपत्र आणि पत्त्याचा पुरावा द्यावा लागतो. म्हणून सगळ्यांचा डोळा त्या २० वर. आपल्याला मात्र मऊ खटका, खांद्याला बसणारा दस्ता आणि अर्धा तास पेलवेल एवढं वजन बघायचं.

सगळं ठरलं. आणि मग आई!

‘बंदूक? घरात?’ एवढं बोलून ती कुकर लावायला निघून गेली. रात्री माझ्या शेजारी येऊन बसली. ‘अगं, दर रविवारी दादाचा सोनू येतो. आठ वर्षांचं पोर. तुझी कपाटं तो उघडत नाही असं तुला वाटतं का?’

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. ‘ही बंदूक नाही, खेळाचं सामान आहे’ हे वाक्य तयार होतं, पण ते खरं नाही. जवळून लागलेला छरा डोळा घेऊ शकतो. परवाना लागत नाही म्हणजे धोका नाही, असं कायदासुद्धा म्हणत नाही. आई घाबरट नव्हती, ती बरोबर होती.

दोन दिवस आम्ही चक्क वाटाघाटी केल्या. शेवटी ठरलं ते असं. रायफल कुलूपबंद पेटीत आणि खटक्याला वेगळं कुलूप. छरे दुसऱ्या खोलीत. गॅलरीत, गच्चीवर एकही शॉट नाही, आणि कबुतरांवर तर कधीच नाही. फक्त रेंज. आणि दोन्ही चाव्या आईकडे.

माझ्या वयाच्या मुलीनं आईकडे चावी मागायची? मैत्रिणी हसल्या. हसू देत. पंधरा हजारांच्या खरेदीत कुलपांचे पैसे मी आधी बाजूला काढले, मगच रायफलचं मॉडेल ठरवलं. स्प्रिंगवाली, मध्यम ताकदीची, साध्या साइटची. दुर्बीण घेतली नाही. उरलेल्या पैशांत चपट्या तोंडाच्या छऱ्यांचे तीन वेगवेगळे डबे आणले, कारण प्रत्येक नळीला कुठला छरा मानवेल ते झाडूनच कळतं. चपट्या तोंडाचा छरा कागदाला गोल, स्वच्छ भोक पाडतो, मार्क मोजताना भांडण नको.

तुम्हीही घ्यायच्या विचारात असाल, तर आधी दोन-तीन महिने रेंजची रायफल वापरा. रिकामी स्प्रिंग रायफल कधी झाडू नका, आतला पिस्टन बिघडतो. छरे शिशाचे असतात, रेंजवरून आल्यावर साबणानं हात धुवा. आणि स्पीडचे आकडे सांगणाऱ्या सेल्समनला हसून विचारा, ‘दहा मीटरवर पाच छरे एकाच भोकात जातात का, ते दाखवता?’