उजवीकडची बाजू

आइस हॉकीत चेंडू नसतो. रबराची चपटी चकती असते, तिला पक म्हणतात. १९५५-५६च्या हंगामात कॅनडात असाच एक पक विली ओ'री या वीस वर्षांच्या पोराच्या चेहऱ्यावर आदळला आणि उजव्या डोळ्याची ९५ टक्के दृष्टी गेली. डॉक्टर म्हणाले, खेळ संपला. काही आठवड्यांत तो पुन्हा बर्फावर होता. एका डोळ्याने अधू असलेल्याला नॅशनल हॉकी लीगचं दार बंद. म्हणून त्याने संघाला पत्ताच लागू दिला नाही.

१८ जानेवारी १९५८ला मॉन्ट्रियलमध्ये बॉस्टन ब्रुइन्सकडून तो उतरला. त्या लीगमधला पहिला कृष्णवर्णीय खेळाडू. प्रेक्षकांतून शिव्या येत; शिकागोत एकाने काठीचा दांडा तोंडावर हाणला, समोरचे दोन दात गेले. कातडीचा रंग लपवता येत नव्हता. डोळा लपवता येत होता, तो त्याने लपवला.

हे लपवणं मला ठाऊक आहे. मी इंदुरात पेटीची साथ करतो. चार वर्षांपूर्वी माझा उजवा डोळा गेला. पेटीवाला बसतो गायकाच्या डाव्या हाताला, म्हणजे गायक माझ्या उजवीकडे. कान शाबूत असले तरी साथ नुसत्या कानांनी होत नाही. श्वास भरताना वर येणारा खांदा, 'थांब' म्हणणारी बोटं, हे दिसावं लागतं. मी सारखी मान वळवून बघायचो. लोकांना वाटे, पेटीवाला गाण्यात अगदी रंगलाय. बोललो नाही. 'त्याला दिसत नाही म्हणे' एवढं वाक्य गावात फिरलं, की आमंत्रणं फिरकत नाहीत.

ओ'री लेफ्ट विंगर होता. त्याच्या उजव्या हाताला सगळं मैदान, आणि पास तिथूनच येणार. लीगमध्ये तो ४५ सामने खेळला, ४ गोल केले. १९६१नंतर दुय्यम लीगमध्ये लॉस एंजेलिसला गेला, तिथे त्याला राइट विंगला हलवलं. आता उजवीकडे फक्त कडेची फळी, खेळ सगळा डावीकडे. पुढे त्याने दोन हंगामांत प्रत्येकी ३८ गोल केले. माणूस तोच, डोळा तोच; उभं राहायची जागा बदलली.

हे वाचल्यावर एका बैठकीआधी मी आमच्या तबलजींना म्हणालो, "दादा, आज जागा बदलू या?"

"का रे?"

सांगितलं. त्यांनी काही न बोलता डग्गा उचलला आणि पलीकडे जाऊन बसले. बाई तानपुरा जुळवत होत्या, म्हणाल्या, "माझी सवय डाव्या कानाची आहे. पण बसा, बघू." त्या रात्री मान दुखली नाही. त्यानंतर एका आयोजकाने बोलावणं थांबवलं. बाईंनी दोनदा बोलावलं.

ओ'री १९७९पर्यंत, त्रेचाळीस वर्षांचा होईतो खेळला. २०१८मध्ये हॉल ऑफ फेम, २०२२मध्ये ब्रुइन्सने त्याचा २२ नंबर कायमचा राखून ठेवला. जिद्द म्हणून त्याचं कौतुक होतं, आणि ते रास्तच आहे. मला मात्र ते ४ गोल आठवत राहतात. 'मला उजवीकडचं दिसत नाही' एवढं म्हणायची सोय त्याला असती, तर कुणीतरी त्याला आधीच पलीकडे उभं केलं असतं.