मिशन विभागातील नृत्यशाळा

सॅन फ्रान्सिस्को नगर भर उन्हाळ्यातही धुक्याने झाकलेले असते, हे वाचकांनी ऐकले असेलच. परंतु ट्विन पीक्स नामक टेकड्यांच्या आडोशास ‘मिशन’ म्हणून जो विभाग आहे, तेथे बहुधा स्वच्छ ऊन पडते. स्पॅनिश धर्मोपदेशकांनी १७७६ साली स्थापिलेल्या मठावरून त्यास हे नाव मिळाले. १७९१ साली पुरे झालेले त्या मठाचे कच्च्या विटांचे मंदिर अद्याप उभे आहे. भिंतीभिंतींवर मोठाली रंगीत चित्रे आणि मक्याच्या भाकऱ्यांचा खमंग वास, अशा त्या गल्ल्यांतून चिरंजीवांकडील मुक्कामात आम्ही पुष्कळ हिंडलो. तेथील एका नृत्यशाळेत आमची सूनबाई दर गुरुवारी सायंकाळी जात असे. तिच्या आग्रहावरून आम्ही उभयता एकदा तेथे गेलो.

त्या नृत्यास ‘बेली डान्स’ म्हणतात. हे नाव ऐकून घरोघरची वडील मंडळी कपाळास आठ्या घालतील, हे आम्ही जाणतो. मिसर व आसपासच्या देशांतील ही नृत्ये अमेरिकेत गाजली ती १८९३ च्या शिकागो प्रदर्शनापासून. त्याच प्रदर्शनाच्या निमित्ताने भरलेल्या सर्वधर्मपरिषदेत स्वामी विवेकानंद बोलले. आणि तेथेच कैरोची एक नकली गल्ली उभारून ही नृत्ये प्रेक्षकांस दाखविण्यात आली. या कलेस बाजारी वास लागला तो तेव्हापासून.

मिशनमध्ये आम्ही पाहिला तो प्रकार मात्र निराळा. जमिला सलिमपूर या बाईंनी कॅलिफोर्नियात ‘बाल अनात’ नावाचा संच काढला. त्यांच्या शिष्या माशा आर्चर, आणि माशाबाईंच्या शिष्या कॅरोलीना नेरिचिओ. कॅरोलीनाबाईंनी १९८७ साली याच नगरात शिकविण्यास आरंभ केला. पुढे या पद्धतीस ‘अमेरिकन ट्रायबल स्टाइल’ असे नाव पडले. यातील मधला शब्द ‘टोळी’ या अर्थाचा. पण ही टोळी कोणाची, याचे सरळ उत्तर नव्हते. २०२० साली ते नाव त्यांनी टाकले, हे योग्यच झाले.

या नृत्यात आधी बसविलेली रचना नसते. चौघी उभ्या राहतात, वाद्ये सुरू होतात, आणि पुढे काय नाचावयाचे हे त्याच क्षणी ठरते. डाव्या अंगास पुढे जी उभी, ती म्होरकी. बाकीच्या किंचित डावीकडे वळून तिच्या पाठीवर व हातांवर दृष्टी ठेवतात. हाताची किंवा मस्तकाची बारीकशी संज्ञा झाली की सर्वांचे अंग एकदम फिरते. त्यांचा शब्दसंग्रह पाठ आहे, वाक्य मात्र आयत्या वेळचे, असे व्याकरणाच्या भाषेत म्हणता येईल. चौघी वर्तुळात येऊन एकमेकींसन्मुख झाल्या की नेतृत्व दुसरीकडे जाऊ शकते. त्यासाठी कोणी भांडत नाही, मागतही नाही. उरलेल्या बायका पाठीमागे अर्धवर्तुळ धरून बोटांतील पितळी झांजा वाजवितात आणि मध्येच जीभ हलवून आनंदाचा लांब चीत्कार करतात. भरताने चौथ्या अध्यायात सांगितलेल्या पिंडीबंधांची आम्हास आठवण झाली. कुटुंबास मात्र झिम्म्याची झाली, आणि तीच उपमा अधिक जुळते.

वेष पाहून आम्ही चकित झालो. अंगात चोळी, आणि तिला ‘चोळी’च म्हणतात! घागऱ्याचा घेर पंचवीस वारांपर्यंत असतो. नऊ वारांचा आमचा अभिमान तेथे तोकडा पडला. पोट उघडे असते, ते आम्हास रुचले नाही आणि आजही रुचत नाही.

वर्गात एक शाळामास्तरीण, एक परिचारिका, साठी उलटलेली एक आजी आणि सडपातळ-स्थूल अशा सर्व बांध्यांच्या बायका होत्या. विश्रांतीत सूनबाई हळूच म्हणाली, “मामंजी, पहिल्या वर्षी हे कामावर गेले की संध्याकाळपर्यंत माझ्याशी बोलायला कोणी नसायचं. मला ताप आला तेव्हा यांच्यापैकीच दोघी पेज घेऊन आल्या.” आमच्या वाड्यात अठरा माणसे जेवत, तेथून गेलेल्या मुलीने हे सांगावे, याचे आम्हास फार वाईट वाटले. पत्रांतून तिने यातले एक अक्षर कळविले नव्हते.

पुढील महिन्यात एका जत्रेत त्यांचे नृत्य व्हावयाचे होते आणि तिचे नाव चौघींत आले होते. घरी परतताना तिने आमचे मत विचारले. आम्ही म्हणालो, “सूनबाई, वेष आम्हास आवडला नाही, हे खरे. पण त्या तिघी तुझ्या संज्ञेवर विसंबून उभ्या राहणार. आता मागे सरू नकोस.” चिरंजीव काही बोलले नाहीत. कुटुंबाने तेवढ्यात पिशवीतून आपली जुनी जरीची ओढणी काढली व म्हणाल्या, “ही कमरेला बांध, म्हणजे यांचंही समाधान होईल.”

जत्रेच्या दिवशी ओढणी बांधली होती. तिसऱ्या फेरीस वर्तुळ झाले आणि नेतृत्व सूनबाईकडे आले. तिने उजवा हात उचलला, तिघी वळल्या, आणि शेजारी बसलेल्या आमच्या कुटुंबाने त्या परक्या बायकांबरोबर तोच लांब चीत्कार करून पाहिला. तो फारसा साधला नाही.